आखाजीचे दोरे

धोटा लूमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मिनिटाला शंभराच्या वर खेपा करतो. नीट चालत असला तर दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

नुकत्या जन्मलेल्या बाळाला तीनशेच्या आसपास हाडं असतात, मोठ्या माणसाला दोनशे सहा. मधल्या काळात एकही हाड हरवत नाही.

सातवी ब. पटावर बावन्न नावं. त्यातल्या एकोणतीस मुलांची जन्मतारीख एक जून.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत बिस्किटं नाहीत.

"पोटात असतानाच भावाचा वाटा खाऊन आली ही."

दोन वर्षं.

*

यातली शेवटची गोष्ट रंजनाला हवी होती.

एप्रिल १९९८. रंजना बन्सीलाल पाटील हिनं दहावीची परीक्षा दिलेली होती आणि सुरतेत, नवागामच्या खोलीत तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. मुलगा कोसाडला राहणारा, सचिन गावच्या रंगाईच्या कारखान्यात कामाला. माणसं आपल्याच खानदेशाची, देणंघेणं काही न मागणारी. त्यांची अट एकच, मुलीला अठरा पूर्ण असावीत. त्यांच्या गल्लीत मागल्या वर्षी एका लग्नात पोलीस आले होते आणि वऱ्हाड अर्धं जेवून उठलं होतं.

शाळेच्या दाखल्यावर रंजनाची जन्मतारीख होती १ जून १९८०. म्हणजे येत्या एक जूनला अठरा पूर्ण. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुपारी फोडायची आणि जूनच्या पहिल्या मुहूर्तावर लग्न, असं बन्सीलालनं ठरवलं होतं.

रंजना सोळा वर्षांची होती.

हे घरातल्या चौघांनाही माहीत होतं. बाप बन्सीलाल, आई सरलाबाई, रंजना आणि तिचा जुळा भाऊ चेतन. चेतनच्या दाखल्यावर १ जून १९८२ लिहिलेलं होतं. दोघं एकाच सकाळी जन्मली होती.

रंजनाला अकरावीत जायचं होतं, मग बारावी. पुढचं तिनं ठरवलं नव्हतं. पुढचं ठरवायला तिला ती दोन वर्षं लागणार होती.

*

दाखल्यावर दोन वर्षं कशी वाढली, त्याची गोष्ट.

१९९४ च्या सप्टेंबरात शहरात प्लेग आला. लोक मिळेल त्या गाडीनं गावाला पळाले, तसे हेही पळाले. अंगावरचे कपडे, पिठाची थैली आणि बिस्किटांचा डबा एवढंच सोबत. दिवाळीनंतर परतले तर मालकानं खोल्या धुऊन औषध मारलेलं आणि आतलं सामान बाहेर काढून जाळलेलं. त्यात शाळेचे कागद गेले. खोली बदलली, शाळा बदलली.

नव्या शाळेतल्या गुरुजींनी कागद मागितले. सरलाबाई म्हणाली, जळाले. गुरुजींना त्याचं काही वाटलं नाही, त्या महिन्यात सगळ्यांचेच कागद जळालेले होते. अशा वेळी ते करायचे तेच त्यांनी केलं. मुलांना भिंतीपाशी उभं केलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

भिंतीपाशी दोघं साडेबारा वर्षांची. रंजना चार बोटं उंच. खांद्यावर ओढणी, नजर खाली. शेजारी चेतन, चड्डीतले काटकुळे पाय आणि दुधाचे दात नुकते पडल्यासारखा चेहरा.

सरलाबाईनं सांगितलं की जुळी आहेत. गुरुजी हसले. म्हणाले, बाई, एवढी वर्षं पोरं मोजतोय मी. एकाच वयाची पोरं अशी दिसतात होय? तुम्ही घाबरलात, विसरलात. मग त्यांनी टाक उचलला. मुलगी ऐंशी सालची, मुलगा ब्याऐंशीचा. दोघंही सातवीत होती, तेव्हा मुलीच्या नावापुढं शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द जास्तीचे पडले:

*मागे राहिलेली.*

सरलाबाई पुढं काही बोलली नाही. गुरुजींना ती भ्याली म्हणून गप्प बसली असं कुणालाही वाटेल. तसं नव्हतं. तिला ते बरं वाटलं.

*

का बरं वाटलं:

गावाला असताना महिनाभर तिला रोज ऐकायला मिळत होतं. जुळ्यांत पोरगी अशी थोराड आणि पोरगा असा सुकलेला बघून बायका हळहळत. चुलत सासू सुंदरा तर तोंडावर म्हणायची की पोटात असतानाच भावाचा वाटा खाऊन आली ही. गोड हसत म्हणायची, वर रंजनाच्या गालाला हात लावायची.

रजिस्टरात ती मोठी बहीण झाली आणि प्रश्न मिटला. मोठी बहीण उंच असतेच. नव्या गल्लीत सरलाबाईनं कुणाला जुळी असल्याचं सांगितलंच नाही. चेतन शाळेत तिला "मोठी ताई" म्हणून चिडवायचा, ती त्याला "बारक्या" म्हणायची. दोघांना गंमत वाटत होती. दोन वर्षं म्हणजे काय, हे बाराव्या वर्षी कळत नाही.

*

सरलाबाई दर आखाजीला मुलांची उंची मोजायची. ही तिची स्वतःची रीत, तिच्या आईकडून आलेली. गल्लीत दुसरं कुणी असं करत नसे. मूल भिंतीला टेकून उभं करायचं, टाचेपासून डोक्यापर्यंत दोरा धरायचा आणि दातानं तोडायचा. दोघांचे दोन दोरे एकाच गाठीत बांधायचे आणि डब्यात ठेवायचे. गावाला असताना कच्चं सूत होतं. सुरतेला आल्यावर बन्सीलाल लूमवरचं उरलेलं यार्न आणायचा, दर वर्षी ज्या रंगाचं कापड चालू असेल त्या रंगाचं.

पळताना तिनं हाच डबा का उचलला, हे तिलाही सांगता आलं नसतं. कागद ट्रंकेत होते. ट्रंक जड होती.

*

परीक्षा संपल्यावर चेतन बापाबरोबर कारखान्यात जाऊ लागला. तिसऱ्याच दिवशी शेजारच्या लूमचा धोटा उडाला आणि त्याच्या डाव्या मनगटावर बसला. मनगट फुगलं. बन्सीलालनं त्याला उधन्याला एक्स-रे काढायला नेलं. रंजना सोबत गेली, कारण लूमच्या आवाजानं बन्सीलालला आता कमी ऐकू यायचं आणि डॉक्टर काय म्हणाले ते घरी येऊन सांगणारं कुणीतरी लागायचं.

एक्स-रे काढणारा पांडुरंग नांदेडकडचा होता. मराठी बोलणारं गिऱ्हाईक आलं की त्याचा चेहरा उजळायचा. त्यानं फिल्म धुतली, उजेडाच्या पेटीवर लावली. बन्सीलालनं वाकून पाहिलं आणि त्याचा हात तोंडावर गेला. मनगटापाशी हाडाला आरपार काळी रेघ होती. बोटांच्या हाडांनाही तशाच बारीक रेघा.

पांडुरंग मोठ्यानं म्हणाला, "काका, मोडलं नाही. ती भेग नव्हं. तिथून हाड वाढायलंय."

त्यानं समजावून सांगितलं. हाडाच्या टोकाला कूर्चेची एक चकती असते. तिथून हाड लांब होत जातं. कूर्चा फिल्मवर दिसत नाही, म्हणून तिथं काळी फट. वाढ संपली की फट बुजते आणि टोक हाडाला जोडलं जातं. या पोराची अजून उघडी आहे, दोन-तीन वर्षं तरी लांबेल.

बन्सीलाल बाकावर बसला. डॉक्टर संध्याकाळी येणार होते. तोवर थांबायचं होतं.

रंजना पेटीसमोरून हलली नाही. फिल्मच्या अर्ध्याच भागावर चेतनचा हात होता. उरलेला अर्धा भाग शिशाच्या पत्र्यानं झाकून दुसऱ्या बाजूच्या फोटोसाठी राखायचा असतो. पांडुरंगनं तो फोटो काढायच्या आधीच पहिली बाजू स्पष्ट आली की नाही ते बघायला घाईनं फिल्म धुतली होती, म्हणून ती अर्धी कोरीच वाया गेली होती. आता दुसऱ्या बाजूसाठी त्याला नवी फिल्म घ्यावी लागणार होती, आणि तिचाही अर्धा भाग उरणार होता. हे तोच कुरकुरत सांगत होता.

"त्या अर्ध्यावर माझा हात घ्या ना," रंजना म्हणाली.

पांडुरंगनं विचारलं, कशाला, तुला काय झालंय? तिनं सगळं सांगितलं. दाखला, जुळी, आखाजी, एक जून. हाडावरून वय कळत असेल तर दोघांचं सारखंच निघेल, असा तिचा हिशेब होता. पांडुरंगनं बाकावरच्या बन्सीलालकडे पाहिलं. त्याला ऐकू येत नव्हतं. मग त्यानं शिशाचा पत्रा सरकवला.

एकाच नव्या फिल्मवर दोन डावे हात. एक लांबुडका, सांध्यासांध्यांत काळ्या फटी असलेला. दुसरा लहान, नीटस. बोटांत फट नाही. मनगटाशी फट असेल असं वाटावं इतकीच पुसट रेघ.

पांडुरंगनं कपाटातलं जाड पुस्तक काढलं. पानापानांवर हातांचे फोटो आणि खाली वय. तो रंजनाच्या हाताशी एकेक पान लावून पाहत गेला. एका पानावर थांबला.

"अठरा," तो म्हणाला.

रंजनानं हात पाठीमागे घेतला.

पांडुरंगनं पान पुन्हा पाहिलं, मग पानाचा मथळा पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. आत्ताच चेतनसाठी उघडलं होतं त्याच भागात तो शोधत बसला होता. "थांब माय. हे पोरांचे फोटो हायत. पोरींचे मागं हायत, निराळे."

पुस्तकाच्या मागच्या अर्ध्यात तोच हात पुन्हा सापडला. खाली वय होतं सोळा.

*

पुस्तक दोन भागांत का, हे तिनं विचारलं. त्यानं चहा पीत पीत जे सांगितलं ते असं.

मुलींची वाढ लवकर सुरू होते. दहाव्या-अकराव्या वर्षी भराभर उंची चढते, म्हणून सहावी-सातवीत मुली मुलांपेक्षा उंच दिसतात. मुलांची ती वाढ दोनेक वर्षं उशिरानं सुरू होते. तोवर पोरांचे पाय हळूहळू लांबतच असतात, म्हणून मागाहून ती ताडासारखी जातात. मुलींची वाढ संपतेही आधी. कंबरेचं हाड रुंदीत पसरतं, पोरांचे खांदे पसरतात. एकाच आईबापाची, एकाच दिवसाची असली तरी.

"मग हे तुम्ही कागदावर लिहून द्या," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. तो डॉक्टर नव्हता. आणि डॉक्टर तरी काय लिहिणार? वर्ष-दोन वर्षं मागंपुढं होतंच. "हाडावर तारीख नसते गं. कोणाच्या पानाशी लावून बघतो, त्यावर असतं सगळं."

फिल्म मात्र त्यानं तिला देऊन टाकली.

*

दुसऱ्या दिवशी सरलाबाई सुपात गहू निवडत होती. रंजनानं फिल्म खिडकीच्या गजांना अडकवली होती. उजेडात दोन्ही हात दिसत होते. पांडुरंगनं सांगितलेलं सगळं तिनं आईला सांगितलं. अहिराणीत, जमेल तसं. कूर्चेला शब्द नव्हता, तिनं "कवळं हाड" म्हटलं.

सरलाबाई ऐकत होती की नाही कळत नव्हतं. खडा, गहू, खडा. मग सूप थांबलं.

"म्हंजे तू त्याना वाटा नही खादा?"

रंजनाला आधी प्रश्नच समजला नाही. समजला तेव्हा तिला सकाळचे दुधाचे दोन पेले आठवले. बाराव्या वर्षापासून आजवर, चेतनचा पेला काठोकाठ आणि तिचा बोटभर कमी. अंडं आणलं तर ते चेतनला. तिला वाटायचं, तो मुलगा आहे म्हणून. सगळ्याच घरांत असतं तसं. आई तिच्याकडून काहीतरी परत वसूल करत होती, हे तिला आज कळलं.

"नाही माय," ती म्हणाली. "कुणी कुणाचं नाही खाल्लं."

सरलाबाईनं पुन्हा सूप हलवायला सुरुवात केली. निवडून झालेलेच गहू ती पुन्हा निवडत होती.

*

आखाजी. २९ एप्रिल.

सकाळी पुरण शिजत असताना सरलाबाईनं दोघांना नेहमीसारखं भिंतीला उभं केलं. चेतनसाठी तिला स्टुलावर चढावं लागलं. मनगटाला पट्टी बांधलेला चेतन म्हणाला, "मोठी ताई, जरा वर बघ ने, हवा कशी आहे खाली?" रंजना म्हणाली, "बारक्या, पंख्यात डोकं जाईल." सरलाबाई दोघांवरही हसली नाही. यंदाचं यार्न मोरपंखी होतं. तिनं गाठ मारली आणि डबा फळीवर परत न ठेवता चुलीशी ठेवला.

अकराला कोसाडची माणसं आली. मुलाचे काका सुकदेव आणि मुलाची आई उषाबाई. उषाबाईच्या पिशवीत सुपाऱ्या, हळकुंडं, खण. चतकोर खोलीत सतरंजी टाकलेली. बन्सीलाल एरवीही मोठ्यानं बोलायचा, आज जास्तच मोठ्यानं बोलत होता. त्यानं दाखला आणला. सुकदेवनं तो वाचला, तारखेवर बोट ठेवून उषाबाईला दाखवला.

"ऐंशी," तो म्हणाला. "एक जूनला झाली अठरा."

मग त्याचं लक्ष खिडकीकडे गेलं. हे कुणाचे हात, असं त्यानं विचारलं. चेतननं सांगितलं, एक माझा, एक हिचा. सुकदेव उठून जवळ गेला. कारखान्यात त्याच्या पायाचा एक्स-रे निघालेला होता, त्यामुळे त्याला त्यातलं थोडं कळत होतं. पोराची हाडं बघा, अजून सुटी सुटी आहेत, तो म्हणाला. पोरीची पक्की झालीत. थोरली ती थोरलीच.

बन्सीलालला हे ऐकू गेलं. तो हसला. गेल्या आठ दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणानं हसला, कारण दाखल्याच्या बाजूनं आता घरातली हाडंच बोलत होती.

उषाबाईनं पिशवीत हात घातला.

"ती मोठी नही शे," चुलीपासून आवाज आला. "जुया पोरं शेतस ह्या."

बन्सीलाल म्हणाला, "उगी ऱ्हाय."

सरलाबाई डबा घेऊन सतरंजीशी आली आणि दाराकडे पाठ करून खाली बसली. बोलायला तिला जमलं नसतं. तिनं डबा उपडा केला आणि गाठी एकेक करून जमिनीवर लांबवल्या. एका गाठीतून दोन दोरे, शेजारी शेजारी.

पांढरं सूत, बारशाचं. दोन वीत, दोन वीत.

पांढरं सूत. पांढरं सूत. गावाकडची सगळी वर्षं पांढरंच. चेतनचा नखभर लांब.

निळं, सुरतेतलं पहिलं. तसंच.

लाल, १९९२. दोन्ही सारखे.

पिवळं. रंजनाचा दोन बोटं लांब.

हिरवं, १९९४. चार बोटं.

जांभळं. चार बोटं.

राखाडी. एक बोट.

गुलाबी, १९९७. चेतनचा तीन बोटं लांब.

मोरपंखी, आजचं. एक मूठ.

खोलीची लांबी अपुरी पडली म्हणून शेवटचे दोरे तिनं भिंतीवर चढवले.

बन्सीलाल दोऱ्यांकडे बघत होता. प्रत्येक रंग त्याला ओळखू येत होता, कारण ते सगळं कापड त्यानं विणलेलं होतं. सुकदेव म्हणाला की दोऱ्यावर काय नाव लिहिलेलं असतं का. सरलाबाईनं बारशाची गाठ उचलून त्याच्यासमोर धरली. दोन पांढरे दोरे, एक गाठ. तो खाली बसला.

उषाबाई पुढं सरकली. तिनं हिरव्या दोऱ्याच्या जास्तीच्या चार बोटांवर मोकळ्या हाताची चार बोटं ठेवून पाहिली.

"मी पण अशीच झाले होते एकदम," ती म्हणाली. "लोकांना वाटलं, झाली मोठी. तेरावं होतं मला."

तिनं पिशवीतून हात बाहेर काढला. हात रिकामा होता. मग तिनं पुरणपोळी मागितली आणि सगळे जेवले.

*

जाताना सुकदेव म्हणाला की मुलगा दोन वर्षं थांबेल असं नाही. उषाबाई म्हणाली की थांबला तर थांबला. तो थांबला नाही.

बन्सीलाल सरलाबाईशी पंधरा दिवस बोलला नाही. गल्लीत त्याला तोंड दाखवायला जड गेलं. खोटा दाखला दाखवला असं लोक म्हणत, आणि दाखला तर शाळेनं दिलेला. रंजना तारीख दुरुस्त करायला शाळेत गेली, तेव्हा गुरुजी निवृत्त झालेले होते. नव्या गुरुजींनी रजिस्टर उघडलं आणि शाईनं लिहिलेलं बदलता येत नाही, कोर्टात जावं लागेल असं सांगितलं. ती गेली नाही. त्या रजिस्टरात ती अजून १९८० ची आहे आणि मागे राहिलेली आहे.

जूनमध्ये निकाल लागला. तिनं अकरावीला नाव घातलं.

पुढच्या आखाजीला बन्सीलालनं न सांगता यार्नचं बोबिन आणलं. केशरी होतं. सरलाबाईनं विचारलं, इतकं कशाला, दोनच दोरे लागतात. तो म्हणाला, असू दे. चेतनचा दोरा आणखी दोन बोटं वाढला होता. रंजनाचा आदल्या वर्षीइतकाच भरला. सरलाबाईनं तो दोनदा मोजला, मग दातानं तोडला. त्या सकाळी दोन्ही पेले काठोकाठ होते.

१९८२ च्या त्या सकाळी चेतन आधी जन्मला. रंजना त्याच्यानंतर वीस मिनिटांनी.